मासळीच्या खोक्यात पालक: पंपाशिवाय हायड्रोपोनिक्स, दोन हजारांच्या आत

हायड्रोपोनिक्स म्हणजे मातीशिवाय, खत विरघळवलेल्या पाण्यात भाजी वाढवणं. त्यातली पंपाने पाइपात पाणी फिरवायची पद्धत मी किनारपट्टीवर दोन कारणांनी सोडली. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरचा पीव्हीसी पाइप चटका बसेल इतका तापतो. आणि दुपारी लाइट गेली, की पाइपातला पाण्याचा पातळ थर ओसरतो नि तास-दोन तासांत मुळं सुकायला लागतात. इन्व्हर्टर घ्यायचा तर मग बजेट कसलं! म्हणून हवाई विद्यापीठाच्या बर्नार्ड क्रॅटकी यांची साठल्या पाण्याची पद्धत धरली. तिला वीजच लागत नाही.

टाकी म्हणून बर्फ-मासळीचं थर्माकोलचं खोकं. बंदरावर रिकामं मिळतं, आणि उन्हाची धग आत जाऊ देत नाही, हा त्याचा खरा फायदा. २० अंशांच्या पाण्यात प्रतिलिटर ९ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. म्हणजे पाणी तापलं की मुळं गुदमरतात आणि तिथूनच कुजायला सुरुवात होते. खोकं ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन दोन दिवस उन्हात ठेवायचं, नाहीतर मीठ आणि वास दोन्ही राहतात. पांढऱ्या थर्माकोलमधून उजेड झिरपतो आणि शेवाळ धरतं. त्यासाठी आतून काळ्या प्लॅस्टिक कागदाचे दोन थर अंथरायचे. बुडाचं भोकही त्यानेच झाकलं जातं. बाहेरून ऑइलपेंट लावू नका, त्यातल्या टर्पेंटाइनने थर्माकोल विरघळतो.

४० लिटरच्या खोक्याच्या झाकणाला ८ भोकं, प्रत्येकात दोन इंची जाळीचा कप. रोप तयार करायला इंचभर स्पंजचा तुकडा, बी ठेवायला मध्ये चीर देऊन. कपात भरायला धुतलेला काथ्या चालतो. खाडीच्या पाण्यात कुजवलेल्या सोडणांचा काथ्या मात्र खारट असतो. गोड्या पाण्यात तीन-चारदा भिजवून पिळल्याशिवाय वापरू नये. समुद्राची रेती तर नकोच. तिच्यातल्या शिंपल्यांच्या चुऱ्याने पाण्याचा पीएच (आम्लपणा मोजायचा आकडा; चढला की आम्लपणा कमी) चढत राहतो. शंका असेल तर चिमूटभर रेतीवर लिंबू पिळा, फसफसली की फेकून द्या.

पाण्यासाठी पावसात पागोळ्यांखाली पिंप ठेवतो, पहिल्या दोन-तीन सरी सोडून. त्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, पीपीएममध्ये मोजतात) जवळजवळ शून्य असतो. एरवी विहीर. पण खाडीजवळच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात, म्हणून भरण्याआधी टीडीएस मीटर बुडवायचाच. २०० पीपीएमच्या वर असेल तर मी ते पाणी घेत नाही.

खताशी बहुतेकांची गाडी अडते. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) टाकून भागत नाही. त्यात कॅल्शियम नाही, आणि निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतं. ते मुळांच्या उपयोगी पडेल असं करून द्यायला मातीतले जिवाणू लागतात, इथे मातीच नाही. मी दोन बाटल्या करतो, प्रत्येकी १ लिटर. पहिलीत कॅल्शियम नायट्रेट ८० ग्रॅम आणि ईडीटीए लोह (पाण्यात विरघळून राहणारं चिलेटेड लोह, १२ टक्क्यांचं) २ ग्रॅम. दुसरीत १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) चाळीस ग्रॅम, ०:५२:३४ (मोनो पोटॅशियम फॉस्फेट) वीस ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ४० ग्रॅम आणि चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण २ ग्रॅम. प्रत्येक लिटर पाण्याला दोन्ही बाटल्यांतलं १०-१० मिली. म्हणजे ४० लिटरला ४००-४०० मिली. एक टाकून नीट ढवळल्यावरच दुसरं. घट्ट द्रावणं एकमेकांत ओतली तर कॅल्शियम सल्फेट-फॉस्फेटचा पांढरा साका बसतो, आणि तो पुन्हा विरघळत नाही. पुरी मात्रा टाकल्यावर मीटर ९०० पीपीएमच्या आसपास दाखवतो. कोवळ्या रोपांना त्याच्या निम्मं पुरे. पीएच ५.५ ते ६.५ हवा. चढला तर फॉस्फरिक आम्ल थेंबाथेंबाने. लिंबाने उतरतो, पण जिवाणू ते सायट्रिक आम्ल खाऊन टाकतात आणि दोन दिवसांत पीएच पुन्हा वर.

आता मुख्य गोष्ट, पाण्याची पातळी. लावताना कपाचं बूड १ सेंमी पाण्यात. पुढे झाड पाणी पितं, पातळी उतरते आणि वरच्या उघड्या मुळांना हवा मिळते. ही वरची मुळं ओल्या हवेत श्वास घेणारी असतात. "पाणी कमी झालं" म्हणून खोकं काठोकाठ भरलंत तर ती बुडतात आणि झाड दोन दिवसांत मान टाकतं. लोक चुकतात ते इथेच. भरायचंच असेल तर मुळांची वरची निम्मी लांबी कोरडी ठेवून, आणि अर्ध्या मात्रेचं द्रावण, कारण उन्हाळ्यात झाड क्षारांपेक्षा पाणी जास्त ओढतं आणि आतला टीडीएस वाढतो.

तपकिरी, बुळबुळीत मुळं म्हणजे पाणी तापलं. खोकं माडाच्या सावलीत किंवा ५० टक्क्यांच्या शेडनेटखाली सरकवा. नवी पानं पिवळी पडून शिरा हिरव्या राहिल्या तर लोह कमी, बहुधा पीएच चढलेला. तसंच जुन्या पानांवर दिसलं तर मॅग्नेशियम.

पालक आणि कलमी भाजी इथे बिनतक्रार येतात. लेट्यूस डिसेंबर-जानेवारीतच, उकाडा वाढला की कडू होऊन तुऱ्यावर जातो. पावसाळ्यात खोकी पडवीत हलवावी लागतात, नाहीतर झाकणावरून पाणी आत शिरून द्रावण पातळ होतं. तिथे उजेड कमी, त्यामुळे वाढही संथ.

चार खोक्यांचा माझा हिशोब: खोकी २४०, जाळीचे कप २००, प्लॅस्टिक कागद २००, खतं ७००, टीडीएस मीटर ३००, छोटा वजनकाटा ३००. एकूण १,९४० रुपये. काटा दशांश ग्रॅमचा घ्या, स्वयंपाकघरातल्या काट्यावर २ ग्रॅम लोह नीट मोजता येत नाही.

साठलं स्वच्छ पाणी म्हणजे डासांना आवतणच. कपाभोवतीच्या फटी स्पंजने बुजवा, झाकणाच्या कडेला चिकटपट्टी फिरवा, आणि आठवड्यातून एकदा टॉर्च मारून अळ्या बघा. पीक संपल्यावर उरलेलं द्रावण मी माडाच्या आळ्यात ओततो, खोकं पुन्हा ब्लीचिंगने धुतो आणि कागद बदलतो.