मांडवाचे सहा खांब: ओलं लाकूड, स्वयंपाकघरातला काटा आणि स्टेन

१६ नोव्हेंबर

दोडक्याच्या वेलाच्या मांडवासाठी खांब आले. ट्रीटेड पाइन, ९० बाय ९० मिलिमीटर, आठ फुटी, सहा नग. एकेक खांब पंधरा किलोच्या पुढे भरला. सुक्या पाइनचं एवढं वजन नसतं, हे पाण्याचं आहे. मोठ्या पोलादी टाकीत लाकूड घालून आधी आतली हवा खेचून घेतात, मग औषधाचं पाणी दाबाने पेशींमध्ये घुसवतात. औषध आत राहतं आणि पाणीही राहतं. हिरवट झाक आहे ती तांब्याची. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं हे मिश्रण १९३३ मध्ये डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसम यांनी शोधलं. जगभरचे विजेचे खांब ज्यावर उभे राहिले ते औषध आपल्याकडचं आहे, हे मला दर वेळी सांगावंसं वाटतं.

आमच्या सुतार मेस्तांनी खांबावर तळवा ठेवला आणि म्हणाले, "बाय, हें लांकूड अजून ओलें आसा. घाय करूं नाकात."

घाई मी आधी एकदा केली आहे. गेल्या मे महिन्यात फाटकाचे दोन ट्रीटेड खांब आणल्या आणल्या रंगवले. प्रायमर, वर ऑइल पेंटचे दोन हात. दुकानदार म्हणाला होता, उन्हाळा आहे, चिंता नको. चतुर्थीच्या सुमारास रंगाला फोड आले. एका फोडाला सुई टोचली तर पाण्याचा थेंब बाहेर आला आणि बोटभर रुंदीची साल पापडासारखी सुटून हातात आली. खालचं लाकूड काळपट आणि ओलं. रंगाने पावसाचं पाणी बाहेर ठेवलं नव्हतं, उलट आतलं आतच कोंडून ठेवलं होतं.

म्हणून या वेळी कॅलेंडरवर विसंबायचं नाही. एका खांबाचा सहा इंची तुकडा कापला, दोन्ही तोंडं मेणाने बंद केली (नाहीतर तो टोकांकडून भराभर सुकेल आणि खांबाचा अंदाज चुकवेल) आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला: ९५५ ग्रॅम. खांब पडवीत, मध्ये रिपा घालून, हवा खेळेल असे रचले. जमिनीला स्पर्श नाही.

१४ डिसेंबर

तुकडा ७६२ ग्रॅम. अंगाला बारीक भेगा दिसू लागल्या. मला त्यांची भीती वाटत नाही, पण ज्या भेगा गाभ्यापर्यंत जातात त्या ध्यानात ठेवल्या. पाइनच्या गाभ्यात औषध फारसं शिरत नाही, आणि वाळवी नेमकी तिथूनच वाट काढते. या भेगांत पुट्टी भरणार नाही. पुट्टी लाकडाबरोबर हलत नाही, शेजारी नवी फट पडते आणि पाणी तिथे साचतं.

११ जानेवारी

६७९ ग्रॅम. पाण्याचा थेंब टाकून बघितला: नोव्हेंबरमध्ये तो मोत्यासारखा बसून राहायचा, आज मिनिटभरात पसरून मुरला.

२५ जानेवारी

गेल्या आठवड्यात ६७३, आज ६७१. वजन थांबलं म्हणजे लाकूड इथल्या हवेशी जुळलं. आता रंगाला हात लावायचा.

पेंट घेतला नाही, तेलाच्या अंगाचा, आत मुरणारा स्टेन घेतला. आमच्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, बहुतेक सगळा चार महिन्यांत. लाकूड फुगतं, आकसतं, आणि वरचा पापुद्रा कधीतरी फाटणारच. स्टेनला पापुद्राच नसतो, तो विरत जातो, सोलवटत नाही. पुन्हा लावायचा तर घासून पुसून वरून एक हात पुरतो. पण रंगद्रव्य असलेलाच घ्या. उन्हातल्या अतिनील किरणांनी लाकडाचे तंतू धरून ठेवणारं लिग्निन झिजतं आणि लाकूड राखाडी पडतं, पारदर्शक स्टेन ते थांबवू शकत नाही.

काका म्हणाले अळशीचं तेल लाव. कोरड्या गावात लावीनही, इथे दमट हवेत त्यावर बुरशीचे काळे ठिपके येतात. काजूच्या टरफलांच्या तेलाचा मोह झाला होता, होड्यांना लावायची ती जुनी रीत आहे. पण ते कातडी भाजतं, आणि या खांबांना मुलं टेकणार आहेत.

२६ जानेवारी

पॉलिश पेपर हलकाच फिरवला, चांगला मास्क बांधून. भुसा ओल्या फडक्याने गोळा करून पिशवीत बंद केला, झाडांच्या बुंध्याशी टाकला नाही. कापलेले तुकडे न्हाणीच्या चुलीत कोणी घालू नये म्हणून वेगळे ठेवले. आर्सेनिकचा धूर आणि राख दोन्ही घातक.

रंगाच्या छटेवर मी अर्धा दिवस घालवला आणि तो सार्थकी लागला. डब्यावरचा सागवानी रंग हिरव्या लाकडावर शेवाळी दिसतो. तीन पट्ट्या काढल्या. तांबूस तपकिरी लावली तेव्हा लालसरपणाने हिरवा खाल्ला आणि जुन्या वाशांचा ऊबदार रंग उमटला. पट्टी उन्हात, सावलीत आणि पाणी शिंपडून पाहिली. तीच ठरली.

१ फेब्रुवारी

पहाटे दव पडतं, म्हणून साडेदहानंतर, पडवीच्या सावलीत पहिला हात. ब्रशने रेषेच्या दिशेने, पंधरा मिनिटांनी जास्तीचं फडक्याने पुसून. न पुसलं तर चिकट थर राहतो आणि पेंटसारखाच सुटतो. टोकांना आधी कापल्या जागी लावायचं संरक्षक औषध दोनदा पाजलं, ते सुकल्यावर स्टेन तीनदा. टोकं तहानलेली असतात, क्षणात पितात. खोल भेगांत तोच क्रम, सिरिंजने. वरचं तोंड आधीच उतरतं कापून घेतलं होतं, पाणी थांबू नये. तेलाची फडकी चुरगळून ठेवली नाहीत, दोरीवर सुटी वाळत घातली. ढिगात ती आपोआप पेटू शकतात.

८ फेब्रुवारी

दुसरा हात झाला. पुढच्या आठवड्यात जांभ्याच्या जोत्यावर गॅल्वनाइझ्ड बूट (खांबाचं बूड धरणारे, जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाय) बसवायचे. साधे खिळे या लाकडात नकोत, तांब्यामुळे लोखंड लवकर गंजतं आणि रंगावर काळे ओघळ येतात. खांबाचं तोंड जोत्यापासून दोन इंच वर. मृगाच्या आधी दोडक्याचं बी पेरायचं आहे. काट्यावरच्या तुकड्याचं मेण खरवडून त्यालाही स्टेन दिला, तारेने पहिल्या खांबाला टांगणार, आणि जुलैत, धो धो पावसात, पुन्हा वजन करणार. आकडा इथेच लिहीन.