पायवाटेचे पैसे खड्ड्यात घाला : आमची वाटचाल

२००६ साली बेळगावच्या वडगावात पत्र्याच्या शेडमध्ये फरशी आणि ब्लॉक बसवून पायवाटा करायच्या धंद्याला सुरुवात केली तेव्हा आमच्याकडं माती-खडी ठोकून बसवायचा एक धुमस, चार छिन्न्या, दोन हातोडे आणि लेव्हलची नळी एवढंच होतं. आणि मिस्त्रीमामा. मामा खानापूरकडचे, जांभ्याच्या खाणीत उमेदीची वर्षं गेलेली. गाडीतनं माल उतरला की ते एकेक फरशी एका हातावर तोलून दुसऱ्या हातानं हातोडीचा हलका टोला द्यायचे. खणखणीत वाजली तर ढिगात, बद्द वाजली तर बाजूला. "मालक, आत चीर हाय हिला. आज दिसत न्हाई, पावसाळ्यात दिसंल." ती हातोडी आजही दुकानात आहे. दांडा तीनदा बदलला, डोकं तेच.

मधली वर्षं बरी गेली. लिहायचं आहे ते २०१८ चं.

आमच्याच हाताखाली चार वर्षं शिकलेला माणूस वेगळा झाला. त्याबद्दल तक्रार नाही, प्रत्येकाला पोट आहे. पण जाताना चार गडी घेऊन गेला, आमच्या गिऱ्हाइकांची वही उतरवून घेऊन गेला, आणि चौरस फुटाला आमच्यापेक्षा तिसरा हिस्सा कमी दर सांगू लागला. कसा परवडायचा? माती वरवर खरवडायची, कच म्हणजे दगडाचा बारीक चुरा पसरायचा, त्यावर ब्लॉक मांडायचे. खडी नाही, धुमस नाही, कडेला बांधणी नाही. लोक येऊन विचारायचे, "ब्लॉक तर तोच हाय की, मग तुमचा दर एवढा का?" आत घातलेली खडी कुणाला दाखवणार? कटर विकला. शेडचं भाडं पाच महिने तटलं. घरच्यांच्या पाटल्या सोसायटीत गहाण पडल्या.

त्या दिवसांत टिळकवाडीतल्या एक काकू आल्या, निवृत्त शिक्षिका. फाटकापासून पायरीपर्यंत ३० फूट लांब, ३ फूट रुंद वाट करायची होती. त्यांनी आमचं आणि त्या वेगळ्या झालेल्या माणसाचं, दोन्ही कोटेशनं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली, चष्मा लावला आणि त्याच्या कागदावर बोट ठेवून म्हणाल्या, "यात खडी कुठं आहे?" एवढंच. काम आम्हाला दिलं आणि निम्मी रक्कम त्याच संध्याकाळी हातात ठेवली. त्या पैशावर दोन आठवड्यांचे पगार भागले. हे मी विसरणार नाही.

काकूंचा हिशेब सांगतो, नव्यानं वाट करणाऱ्यांना उपयोगी पडेल. ९० चौरस फूट. खाली ४ इंच खडी-मुरूम, म्हणजे ३० घनफूट. पण धुमसून बसतं, म्हणून ४० घनफूट. ब्रास म्हणजे १०० घनफूट, तेव्हा अर्ध्या ब्रासच्याही आत. वर दीड इंच कच. फरशी तुटफूट धरून ९९ चौरस फूट मागवली. घरापासून बाहेर, पाच फुटाला एक इंच ढाळ. पैसे कमी पडत असतील तर वाट अडीच फुटांची करा, खोली कमी करू नका.

माल निवडताना रंगावर जाऊ नका. शहाबादी घ्या, पण रफ. पॉलिशची ओली झाली की पाय घसरलाच. काळा कडप्पा गुळगुळीत असेल तर बागेत नकोच. जांभा मला स्वतःला फार आवडतो, जवळचा असल्यानं वाहतूकही कमी लागते, पण आपल्याकडच्या पावसात सावलीला त्यावर शेवाळ धरतं. घरात वयस्कर माणूस असेल तर विचार करा. निपाणीकडचा काळा दगड पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, मात्र छिन्नीनं टाकी लावून घडवायची मजुरी दगडापेक्षा जड जाते. ब्लॉक वाईट नाहीत. चालायला आणि दुचाकीला ६० मिलिमीटरचे पुरतात, फक्त कडेला बांधणी हवी, नाहीतर ओळ सरकते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाऊस कसा झाला, बेळगावकरांना सांगायला नको. शहापूर-वडगावची काळी माती पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसती कच टाकून मांडलेले ब्लॉक कुठं खचले, कुठं वर आले. गणपती झाल्यावर फोन सुरू झाले. दुरुस्तीची अकरा कामं आम्ही केली, सगळी उकरून, तळापासून. एकातही खाली खडी सापडली नाही. आमच्यातनं वेगळा झालेला तो गृहस्थ अजून सांगतो की पुरानं नुकसान केलं. काकूंच्या वाटेवर काय वेगळा पाऊस पडला होता काय? आणि ज्यांनी आम्हाला महाग म्हणून परत पाठवलं होतं, त्यातल्या दोघांनी दुरुस्तीलाही त्याचाच दर मागितला. ते मनात राहिलं आहे.

पाटल्या २०२१ मध्ये सुटल्या.

गेल्या महिन्यात काकूंचा फोन आला. विहिरीपर्यंत आणखी १२ फूट वाट हवी, फरशी तीच. त्या छटेचा माल हल्ली चटकन मिळत नाही, दोन ठिकाणी पाहून आलो. मिळाला तेव्हा मामांना शेडमध्ये आणून बसवलं. डोळ्यांना आता कमी दिसतं, पण हातोडी दिली तर त्यांनी छत्तीसातनं तीन फरशा बाजूला काढल्या.