तुम्ही विचारलंत म्हणून: लंडन सोडून खेड्यात का राहता?

सुट्टीत डोंबिवलीला गेले की पहिल्या चहाबरोबर हा प्रश्न ठरलेला. "तू लंडनला असतेस ना गं? मग हे खेड्यात कशाला जाऊन बसलात?" एका मामींनी तर काळजीने विचारलं होतं, "पाणी येतं ना रोज?" (त्या आठवड्यात त्यांच्याच इमारतीत टँकर चालू होता, पण ते असो.)

गावाचं नाव ग्रेट मिसेंडन. लंडनच्या वायव्येला, बकिंगहॅमशर परगण्यात, चिल्टर्न टेकड्यांमधल्या एका दरीत आहे. लंडनच्या मेरिलबोन स्टेशनापासूनचं अंतर जवळजवळ डोंबिवली ते सीएसएमटी एवढंच, फक्त गाडीला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागतात आणि बसायला जागा मिळते. खरं उत्तर द्यायचं तर आम्ही खेड्यात राहतच नाही. आम्ही एका रेल्वे स्टेशनाच्या आसऱ्याने राहतो, आणि ते स्टेशन खेड्यात आहे. माझं बालपणही असंच गेलं, त्यामुळे नवरा कुरकुरला तरी मला सवय होती.

रेल्वेच्या आधी हे खरंच खेडं होतं. 1133 साली इथे मठ स्थापन झाला, राजा आठव्या हेन्रीच्या काळात 1538 मध्ये तो बंद पडला. लंडनहून एल्सबरीकडे जाणारा रस्ता गावातूनच जायचा, म्हणून हाय स्ट्रीटवर घोडागाड्यांसाठी खानावळी-सराया होत्या. त्यांच्या कमानी अजून दिसतात, एवढ्या उंच कशाला, असा प्रश्न पडावा अशा. आणि वर टेकड्यांवर 'बीच' नावाच्या झाडांची जंगलं. त्या जंगलात 'बॉजर' म्हणून कारागीर असत. उभी झाडं विकत घ्यायची, तिथेच खोपट टाकायचं, आणि लवचिक काठीला दोरी बांधून पायाने चालवायच्या चरकावर खुर्च्यांचे पाय कातायचे. ते पाय हाय विकम या गावाला जायचे, तिथे खुर्च्या जुळवल्या जायच्या. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे काम टिकून होतं.

1 सप्टेंबर 1892 ला लंडनची मेट्रोपॉलिटन रेल्वे कंपनी रूळ टाकत इथवर आली. तिचे अध्यक्ष सर एडवर्ड वॉटकिन हे एक अचाट प्रकरण होतं. त्यांच्याकडे एकाच वेळी तीन रेल्वे कंपन्यांची अध्यक्षपदं होती, आणि त्या तिघी जोडून मँचेस्टरहून थेट पॅरिसला गाडी न्यायची, असं त्यांच्या डोक्यात होतं. त्यासाठी इंग्लिश खाडीखाली बोगदा खणायलाही त्यांनी सुरुवात केली होती. 1882 मध्ये सरकारने तो थांबवला. पॅरिस राहिलं बाजूला, आमच्या दरीत मात्र रूळ पडले. 1899 पासून मेरिलबोनच्या गाड्याही याच रुळांवरून धावू लागल्या.

मग आले चाकरमानी. मेट्रोपॉलिटनने जमिनीचा धंदाही केला. 1915 पासून 'मेट्रो-लँड' या नावाने दरवर्षी पुस्तिका छापून ती लंडनच्या साहेबांना सांगायची की बघा, हिरवीगार टेकडी, ताजी हवा, आणि सकाळची थेट गाडी. 1910 ते 1939 या काळात तर 'मेफ्लॉवर' आणि 'गॅलाटिया' नावाचे दोन पुलमन, म्हणजे आलिशान, डबे होते. टेबलावर दिवा, खिडकीला पडदा, सकाळी न्याहारी करत ऑफिसला जायचं आणि रात्री नाटक बघून जेवत घरी यायचं. माझे बाबा सत्तावीस वर्षं लोकलच्या दारात लटकून ऑफिसला गेले. त्यांना हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आमच्याकडे भजनी मंडळ होतं."

हे खरंय. इथे कुणी कुणाशी बोलत नाही. आमच्या फलाटावर रोज तीच माणसं त्याच फरशीवर उभी राहतात, कारण दार कुठे उघडणार हे सगळ्यांना पाठ आहे. माझ्या शेजारी हिरवी टोपीवाले एक गृहस्थ सहा वर्षं उभे राहायचे. आम्ही मान डोलावायचो. सहाव्या वर्षी बीचची पानं रुळांवर चिकटून गाड्यांचं वेळापत्रक पार कोलमडलं, पाऊण तास थंडीत काढला, तेव्हा ते पहिल्यांदा बोलले: "पानं." मी म्हटलं, "हो ना." पुढच्या महिन्यात ते निवृत्त झाले. हल्ली मंगळवार ते गुरुवार गर्दी असते. सोमवार-शुक्रवार फलाट ओसाड, लोक घरून काम करतात.

1961 पर्यंत आमचं स्टेशन लंडनच्या मेट्रोपॉलिटन लाइनवर होतं. विजेवरच्या गाडीला रिकमन्सवर्थला वाफेचं इंजिन जोडून ती इकडे यायची. वीज पुढे आमच्या अलीकडच्या अ‍ॅमरशॅमपर्यंतच आली, आणि आम्ही ट्यूबच्या, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेच्या, नकाशावरून पुसले गेलो. घराचे भाव काही पुसले गेले नाहीत.

माझ्या मते खरी गोष्ट इथे आहे. डोंबिवलीतही आधी खेडं होतं, आगऱ्यांची भातशेती होती. स्टेशन आलं, चाकरमानी आले, शेतं गेली, चाळी उठल्या, मग इमारती, मग टॉवर. इथेही अगदी तेच सुरू झालं होतं. याच लाइनवरचं हॅरो, पिनर बघा, घरांना घरं चिकटलेली. पण दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडने घरबांधणीला वेसण घातली. 1947 चा नगररचना कायदा आला, लंडनभोवती हरित पट्टा आला, आणि 1965 मध्ये चिल्टर्न टेकड्या निसर्गसौंदर्यासाठी संरक्षित झाल्या. त्यामुळे डोंबिवलीत शेतं गेली, इथे शेतं राहिली आणि माणसं गेली. आमच्याकडे बॉयलर दुरुस्तीला येणारा माणूस एल्सबरीहून येतो. त्याचे पणजोबा याच टेकडीवर खुर्च्यांचे पाय कातायचे. त्यांच्या खोपटाची जागा त्याने मला दाखवली आणि हसून म्हणाला की आता मला इथे गॅरेजसुद्धा परवडणार नाही. आम्ही दोघं लंडनचे पगार घेऊन आलो, घरांच्या त्या भावाला आमचाही हातभार आहे, हे मला ठाऊक आहे.

गावात प्रसिद्ध माणूस एकच, मुलांसाठी लिहिणारे लेखक रोआल्ड डाल. 1954 पासून 1990 मध्ये वारेपर्यंत ते इथे राहिले, बागेतल्या एका झोपडीत बसून लिहायचे. चर्चच्या आवारात त्यांची कबर आहे आणि मुलं तिथे खेळणी ठेवून जातात. रविवारी गावात दिसणारी निम्मी पोरं त्यांच्याचसाठी आलेली.

बाकी रोजचं जगणं साधं. सार्वजनिक पायवाट असेल तर कुणाच्याही शेतातून चालत जाण्याचा हक्क, फक्त फाटक लावून घ्यायचं. संध्याकाळी अंधार म्हणजे अंधार. मिसबर्न नावाची नदी आहे, कोरड्या वर्षी ती इथे जमिनीखालीच राहते. पाहुण्यांना पूल दाखवून "ही नदी" म्हणताना लाज वाटते. डोक्यावर तांबड्या घारी. त्या इथून नामशेष झाल्या होत्या, 1989 पासून स्पेनमधून आणून सोडल्या. माझ्या मेथीच्या ठेपल्यावर एकीने बागेतच डल्ला मारला. महाराष्ट्र मंडळ डॉलिस हिलला आहे, 1932 सालचं. आमची गाडी तिथून सुसाट जाते, पण थांबत नाही. गणपतीला हॅरोला उतरून, दोनदा गाडी बदलून, मोदकांचा डबा मांडीवर सांभाळत जावं लागतं.

सध्या गावाचा राग एचएस-2 वर आहे. लंडन-बर्मिंगहॅम अतिवेगवान रेल्वे, टेकड्यांखालून सोळा किलोमीटरचा बोगदा, 2024 मध्ये खणून पूर्ण. तो आमच्या गावाला लागून, साउथ हीथजवळ बाहेर निघतो. अख्ख्या बकिंगहॅमशरमध्ये तिचं एकही स्टेशन नाही. मातीचे ट्रक, बंद रस्ते, वर्षानुवर्षं धूळ. चिडणं बरोबरच आहे. पण रेल्वेने टेकड्यांची वाट लावली, असं कुणी फलाटावर उभं राहून म्हणालं की मला वॉटकिनसाहेब आठवतात.

मागच्या उन्हाळ्यात बाबा आले होते. रोज सकाळी मला सोडायला स्टेशनवर यायचे, आणि येणाऱ्या गाडीकडे बघत "स्लो का फास्ट?" असं विचारायचे. एका रविवारी गावाच्या कडेच्या कुरणापाशी आम्ही थांबलो. मेंढ्या चरत होत्या. बाबांनी कुंपणावर हात टेकून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

"स्टेशनपासून किती मिनिटं गं हे?"

"चालत बारा."

"आणि कुणीच घेतलं नाही?"

मी कायदा समजावून सांगितला. ते ऐकत होते, पण त्यांची बोटं कुंपणाच्या लाकडावर एक, दोन, तीन, चार करत विंग मोजत होती.