गॅस्केटची जागा

इंजिनाचे खालचे धड (ब्लॉक) आणि वरचे झाकण (हेड) यांच्यामधली फट बंद करणारा पातळ थर म्हणजे हेड गॅस्केट. ते गेलेले इंजिन उघडले की माणसे पिस्टन पाहतात, व्हॉल्व्ह पाहतात, जळालेल्या गॅस्केटचा तुकडा उलटसुलट करून पाहतात. ते गॅस्केट ज्या दोन सपाट पृष्ठभागांमध्ये दाबून बसले होते, त्यांच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका लहानशा गॅरेजमध्ये, घोडबंदर रस्त्याच्या कोंडीत तापलेल्या गाड्यांची हेड उतरताना मी अनेकदा पाहिली आहेत, आणि माझे मत असे झाले आहे की या कामाचा कस हेड काढण्यात नसून गॅस्केटची जागा, म्हणजे ते दोन पृष्ठभाग, साफ करण्यात लागतो.

काढण्याचे नियम तसे ठरलेले आहेत. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यायचे, कूलंट (इंजिन थंड ठेवणारे पाणी) काढून घ्यायचे, टायमिंगच्या (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ जुळवणाऱ्या) खुणा जुळवून ठेवायच्या आणि बोल्ट कडेकडून मध्याकडे थोडे थोडे सैल करत न्यायचे, कारण ताण एकाच बाजूने सुटला तर ॲल्युमिनियमचे हेड वाकू शकते. हेड चिकटून बसले असेल तर फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटण्याचा मोह होतो; पण तिथे पडलेला ओरखडा पुढे पाण्याला किंवा गॅसला वाट करून देतो.

गॅस्केटवर किती भार असतो, हे लक्षात घेतले म्हणजे पुढच्या चिकाटीचे कारण कळते. त्याच्या एका कडेला २००० अंश सेल्सिअसच्याही वर तापणारा जळता वायू, काही मिलिमीटरवर ९० अंशांच्या आसपासचे कूलंट, जवळच तेलाची वाट, आणि लोखंडी ब्लॉकवर ॲल्युमिनियमचे हेड असेल तर जवळजवळ दुपटीने प्रसरण पावणारे छप्पर. जुन्या मऊ गॅस्केटला लहानसहान खाचा सामावून घेता येत. पोलादी पत्र्यांच्या थरांचे आजचे गॅस्केट त्याबाबत बरेच चोखंदळ आहे.

गॅरेजमधल्या पोराला हे पटत नाही. "काका, डिस्क मारली की पाच मिनिटांत चकाचक होतं," असे तो म्हणतो, आणि चकाचक होते यात शंका नाही. पण चकचकीत म्हणजे सपाट नव्हे. घासायची ती फिरती डिस्क मऊ ॲल्युमिनियममध्ये डोळ्यांना न दिसणारा खळगा पाडते, आणि तिचे झिजलेले कण तेलात गेले तर बेअरिंगे खातात. त्यापेक्षा गॅस्केट रिमूव्हर लावून, थांबून, प्लास्टिकच्या पट्टीने पापुद्रा सोडवणे कितीतरी बरे, मग त्यात अर्धी सकाळ गेली तरी चालेल. (फार जुन्या गाडीच्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, ते कोरडे खरवडू नये.)

खरवडण्याआधी सिलिंडरमध्ये आणि तेला-पाण्याच्या वाटांत स्वच्छ फडकी कोंबलेली हवीत. बोल्टची भोकेही कोरडी लागतात, कारण तळ बंद असलेल्या भोकात तेल किंवा कूलंट साचून राहिले, तर बोल्ट आवळताना त्याला निघायला जागा उरत नाही आणि ब्लॉक तडकू शकतो. पावसाळ्यात आणखी एक काम वाढते: आपल्या खाडीकाठच्या हवेत उघड्या लोखंडी ब्लॉकवर रातोरात तांबूस गंज धरतो, म्हणून संध्याकाळी तेलाचा पुसट हात फिरवायचा आणि सकाळी थिनरने तो पूर्ण पुसायचा.

मग स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी) लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून, खाली फीलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पाती) सरकते का ते पाहायचे. बऱ्याच लहान इंजिनांना ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाक चालत नाही. त्यापुढे हेड फेसिंगला, म्हणजे मशीनवर घासून सपाट करायला, पाठवावे लागते, आणि तिथेही किती घासायचे याची मर्यादा कंपनीच्या पुस्तकात दिलेली असते. एवढे सगळे झाल्यावर "थोडं सिलंट लावून घेऊ का?" असा, फट बुजवणाऱ्या पेस्टबद्दलचा, प्रश्न हमखास येतो. पुस्तकात तसे सांगितले नसेल, तर लावू नये. नवे गॅस्केट कोरडेच बसवावे आणि बोल्ट या वेळी मध्याकडून कडेकडे, आवळण्याचा जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्याने आवळावेत.