मिंडेनच्या आकाशातली उभी लाट

पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर ज्यांनी ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, पाहिलाय, त्यांना एक गणित पाठ असतं: ऊन तापलं की गरम हवा वर उठते आणि तिच्यात घारीसारख्या घिरट्या घालत विमान उंची कमावतं. अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या मिंडेनला उन्हाळ्यात हेच चालतं. पण खरी उंची इथे हिवाळ्यात, जमीन थंडगार असताना मिळते. सिएरा नेवाडा या डोंगररांगेमुळे हवेत उठणाऱ्या लाटेत 49,009 फुटांचा विक्रम झाला तो 17 फेब्रुवारी 1986 रोजी.

नदीत बुडालेल्या खडकावरून पाणी गेलं की पुढे एक लाट जागच्या जागी उभी राहते. पाणी वाहून जातं, लाट तिथेच. सिएराचा कणा म्हणजे तो खडक, आणि पॅसिफिककडून येणारा पश्चिमेचा वारा म्हणजे पाणी. ग्लायडर लाटेच्या चढत्या बाजूला वाऱ्याकडे तोंड करून थांबतो आणि लिफ्टसारखा वर जातो.

अंदाज बांधताना पहिली नजर हवेचा दाब 700 हेक्टोपास्कल असतो त्या स्तराच्या नकाशावर जाते, म्हणजे साधारण 10,000 फुटांवर, डोंगरमाथ्याच्या उंचीला. तिथे वारा निदान 25 नॉट हवा, आणि डोंगररांगेला काटकोनात, फार तर 30 अंश इकडेतिकडे. मग 500 (सुमारे 18,000 फूट) आणि 300 (सुमारे 30,000 फूट) हे स्तर बघायचे. वारा दिशा न बदलता उंचीबरोबर वाढत गेला पाहिजे. हिवाळ्यात जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, दक्षिणेला सरकून या अक्षांशांवर येतो, म्हणूनच हा मोसम. आपल्या सह्याद्रीवर पावसाळ्यात पश्चिमेचा वारा जोरदार असतो, तरी अशी उंच लाट तिथे चढू शकत नाही. तो जोर खालच्या थरातच असतो आणि बराच वर गेलं की वारा उलटून पूर्वेचा होतो. वारा जिथे उलटतो, तिथे लाट अडते.

नुसता वारा मात्र पुरत नाही. डोंगरमाथ्याजवळ हवेचा एक स्थिर थर लागतो, जो वर ढकलला की पुन्हा खाली यायला बघतो. तो नसेल तर वारा डोंगर ओलांडून नुसता घुसळतो. हा थर शोधायला स्क्यू-टी आलेख, म्हणजे उंचीनुसार तापमान आणि दवबिंदू दाखवणारा आलेख, लागतो, आणि नवखे इथेच चुकतात. ते डोंगराच्या मिंडेनकडच्या बाजूच्या रेनो शहरातून सोडलेल्या हवामान-फुग्याचा आलेख बघतात. पण तो डोंगराच्या आडोशाचा, लाटेने आधीच हलवलेला असू शकतो. डोंगरावर येणारी हवा कशी आहे ते डोंगराच्या पश्चिमेकडच्या ओकलंडचा फुगा सांगतो. दोन्ही फुग्यांची नोंद हिवाळी वेळेनुसार पहाटे चार आणि दुपारी चारची असते. पहाटेचा आलेख हातात घेऊन पुढच्या तासांसाठी 3 किलोमीटर जाळीचं एचआरआरआर हे हवामान अंदाजाचं संगणकीय मॉडेल बघावं. ते दर तासाला नव्याने चालतं. लाटेची लांबी वाऱ्याबरोबर वाढते: 20 मीटर प्रतिसेकंद वाऱ्याला साधारण 12 ते 13 किलोमीटर, निम्म्या वाऱ्याला निम्मी. त्यामुळे दुपारी वारा वाढला की सकाळची चढती जागा पूर्वेकडे सरकते, आणि जुन्या जागी चिकटून बसलेला वैमानिक उतरत्या बाजूला सापडतो.

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो ओलाव्याला. लाट सापडली नाही तर माणूस खाली येतो, एवढंच. ओलावा अंदाजाच्या दोन तास आधी आला तर प्रकरण वेगळं. डोंगरावर ढगांची भिंत आणि भिंगाच्या आकाराचे ढग यांच्यामध्ये निळी मोकळी फट असते. वर-खाली करायचा रस्ता तोच. वादळी पट्टा जवळ आला की फट बुजते, आणि ग्लायडर ढगांच्या वर अडकतो, खाली डोंगर. म्हणून तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊ लागते) यांच्यातलं अंतर प्रत्येक स्तरावर बघायचं. ते कमी होत चाललंय आणि फट अरुंद होतेय असं दिसलं की वर कितीही छान चढत असलं तरी खाली निघायचं.

लाटेखाली रोटर असतो, गोल फिरणारी उग्र हवा. टो-प्लेनच्या, म्हणजे ग्लायडरला ओढून वर नेणाऱ्या विमानाच्या, दोरावर असताना याच्यातूनच जावं लागतं. 1955 साली सिएराच्याच पायथ्याच्या ओवेन्स व्हॅलीत संशोधनाच्या उड्डाणात ग्लायडर हवेतच मोडला होता. वैमानिक पॅराशूटने वाचला. पट्टे कचकचीत आवळायचे, सुटं काही ठेवायचं नाही. पहाटे खोऱ्यात थंड हवेचं तळं साचलेलं असल्याने वाऱ्याची पिशवी मलूल लटकते. त्यावर विसंबू नये. दुपारी वारा खालपर्यंत पोचला की धावपट्टीच्या दोन टोकांच्या पिशव्या कधी उलट दिशा दाखवतात.

थंडीचा हिशोब वेगळा. 18,000 फुटांवर प्रमाण तापमान उणे 21 अंश असतं, 30,000 वर उणे 44. वजनासाठी पंखांत भरतात ते पाण्याचं बॅलास्ट भरायचंच नाही, ते गोठतं. एअरब्रेक, म्हणजे पंखांवरच्या उघडणाऱ्या फळ्या, थोड्या थोड्या वेळाने उघडून मिटायचे, नाहीतर बर्फाने चिकटतात. श्वासाची वाफ कॅनोपीवर (वैमानिकावरच्या पारदर्शक झाकणावर) गोठते, म्हणून छोटी खिडकी उघडी ठेवतात. ऑक्सिजनसाठी नाकातली नळी, कॅन्युला, 18,000 फुटांपर्यंत, त्यावर मास्क. 18,000 च्या वरचं आकाश नियंत्रकांच्या ताब्यात आहे, तिथे आधी ठरलेली वेव्ह विंडो, म्हणजे ग्लायडरसाठी राखलेला आकाशाचा भाग, त्यांनी उघडल्याशिवाय जाता येत नाही.

वेगदर्शकही फसवतो. 18,000 फुटांवरच्या विरळ हवेत काटा 45 नॉट दाखवतो तेव्हा खरा वेग सुमारे 60 असतो. समोरून तेवढाच वारा असेल तर ग्लायडर जमिनीच्या हिशोबाने स्थिर. पंख फडफडण्याचा धोका खऱ्या वेगाशी जास्त बांधलेला असल्यामुळे, काट्यावरची कमाल मर्यादा उंचीबरोबर घटते. तक्ता विमानाच्या पुस्तिकेत असतो, तो कॉकपिटमध्ये चिकटवून ठेवावा. म्हणजे वरून सूर मारून झटपट उतरता येत नाही. 25,000 फुटांवरून 5,000 वर यायला मिनिटाला हजार फुटांनी वीस मिनिटं जातात, आणि डिसेंबरात सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो. डोंगराची सावली खोऱ्यात त्याआधीच पडते. वर तोंडावर ऊन असतं तेव्हा खाली धावपट्टी दिसेनाशी होत असते. साडेतीनला खाली निघालेलं बरं.