ब्रीडर पटकन सापडला, रिपोर्ट मात्र मिळेना

आफ्रिकन ग्रे या राखाडी पोपटाचं पिल्लू हवं असेल तर ब्रीडर शोधणं अवघड नाही. फोटो, व्हिडिओ, नर-मादीच्या जोडीची माहिती, किंमत, सगळं पहिल्या फोनवरच मिळतं. घोडं अडतं ते तपासणीच्या रिपोर्टवर, आणि माझा सगळा वैताग तिथलाच आहे.

पीबीएफडी हा सर्कोव्हायरसमुळे होणारा पिसांचा आणि चोचीचा आजार. त्यावर औषध नाही. विष्ठेतून आणि पिसांच्या भुकटीतून तो पसरतो, आणि ग्रे म्हणजे भुकटीचं आगरच. लागण झालेलं पिल्लू कितीतरी दिवस ठणठणीत दिसू शकतं, त्यामुळे ‘बघा की किती गुटगुटीत आहे’ हे काही उत्तर नव्हे. पीसीआरचा, म्हणजे नमुन्यात विषाणूचा अंश आहे का ते शोधणाऱ्या चाचणीचा, रिपोर्ट मागितला की आधी ‘पाठवतो’, मग ‘लॅबकडून यायचाय’, आणि बऱ्याच तगाद्यानंतर येतो तो डीएनए सेक्सिंगचा दाखला! त्यावरून पिल्लू नर की मादी एवढंच कळतं, आजाराचं अक्षरही त्यात नसतं. हे दाखवून दिलं की आई-बापाचा जुना रिपोर्ट पुढे येतो. तोही पिल्लाच्या कामाचा नाही.

रिपोर्टवर तीन गोष्टी हव्यातच: पिल्लाच्या पायातल्या रिंगचा नंबर, नमुना घेतल्याची तारीख आणि नमुना कशाचा होता ते. नुसतं ‘ग्रे, एक’ लिहिलेला कागद कुठल्याही ग्रेला चालतो. पीबीएफडीसाठी रक्त किंवा अंगावरून नुकतंच उपटलेलं पीस लागतं. पिंजऱ्याच्या तळाशी पडलेल्या पिसाला शेजारच्या पक्ष्यांची धूळ लागलेली असते. नख कापून काढलेल्या रक्ताचंही तेच. म्हणून ते शिरेतून घेतलेलं बरं. पिसं नीट असलेलं पिल्लू पॉझिटिव्ह आलं तर ९० दिवसांनी पुन्हा तपासतात, कारण काही पक्ष्यांच्या शरीरातून विषाणू निघूनही जातो. पॉलिओमा या पिल्लांना होणाऱ्या दुसऱ्या विषाणूजन्य आजाराची तपासणी त्याच वेळी करून घ्यावी. क्लॅमिडिया या जिवाणूच्या आजाराचीही करावी, तो माणसालाही होतो. त्याचे जंतू सतत बाहेर पडत नाहीत, म्हणून एका निगेटिव्हवर निर्धास्त राहू नये.

शेवटी सुटका झाली ती एका अटीने: नमुना पक्ष्यांचा डॉक्टर घेईल, लॅबचे पैसे मी भरीन, रिपोर्ट थेट मला येईल. चांगला ब्रीडर याला लगेच हो म्हणतो. जो चिडतो, त्याचा नंबर खोडून टाकावा.

रिंगबद्दल आधीच सांगायला हवं होतं. बंद रिंग पिल्लू जेमतेम दोन आठवड्यांचं असतानाच पायात जाते, नंतर पंजा मावत नाही. फट असलेली रिंग कुठल्याही वयात घालता येते, म्हणजे ती पाहून पक्षी तिथेच जन्मला असं म्हणता येत नाही. ग्रेच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं, कारण जानेवारी २०१७ पासून तो सायटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे. रानातून पकडलेल्या ग्रेचा आंतरराष्ट्रीय व्यापार चालत नाही.

‘स्वतः भरवलंत तरच माणसाळेल’ म्हणत अजून आपलं आपण न खाणारं पिल्लू गळ्यात मारू पाहणाऱ्याला सरळ नाही म्हणावं. माणसाळण्यासाठी याची काहीच गरज नाही. सिरिंजने भरवायचं पातळ खाणं जास्त गरम झालं तर क्रॉप, म्हणजे गळ्याखालची अन्नाची पिशवी, भाजतो, गार झालं तर आत साचून आंबतं आणि सिरिंज चुकली तर फुप्फुसात जातं. ग्रे साधारण १२ ते १६ आठवड्यांत आपलं आपण खायला लागतो. रोज सकाळी रिकाम्या पोटी घेतलेल्या वजनाची वही मागावी. ग्रॅममधले आकडे टिकून असले की झालं.

पिल्लांच्या खोलीत शिरू देत नाही म्हणून ब्रीडरवर संशय घेऊ नये. उलट, दुसऱ्याच्या पक्षीघरातून आलेल्या माणसाला तसाच आत नेणारा धोक्याचा. घरी आधीचा पक्षी असेल तर रिपोर्ट कितीही स्वच्छ असला तरी नव्याला किमान ३० दिवस वेगळ्या खोलीत ठेवावं, आणि दाणापाणी आधी जुन्याला, मग नव्याला.