विषय-परिषदांना एकत्र आणायचं तर आधी काम ठरवा

पुणे परिसरात प्राध्यापकांच्या विषय-परिषदांची वानवा नाही. अर्थशास्त्र, मानसशास्त्र, भूगोल, वाणिज्य अशा प्रत्येक विषयाची स्वतंत्र कार्यकारिणी असते आणि वर्षातून एक अधिवेशन होतं. अडचण अशी की नवीन शैक्षणिक धोरणानंतर वर्गातले प्रश्न एका विषयाच्या हद्दीत मावत नाहीत. 2024-25 पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत खुले ऐच्छिक (दुसऱ्या शाखेतला विषय निवडण्याचे) आणि कौशल्याधारित पेपर आले. ते शिकवणाऱ्यांना शेजारच्या विभागाशी बोलावंच लागतं, परिषदा मात्र अजून आपापल्या मांडवात आहेत.

संख्याशास्त्राचं उदाहरण घ्या. मानसशास्त्र, अर्थशास्त्र, वाणिज्य, प्राणिशास्त्र, सगळीकडे ते शिकवलं जातं आणि प्रत्येक जण वेगळ्या नोट्स काढतो. 4, 6, 8, 10, 12 या पाच गुणांचं प्रमाण विचलन काढायला सांगा. सरासरी 8 आणि सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज 40. एका वर्गात 5 ने भागतात आणि उत्तर 2.83 येतं, दुसऱ्या वर्गात 4 ने भागतात आणि 3.16 येतं. दोन्ही बरोबर आहेत. पहिलं उत्तर या पाच आकड्यांपुरतं आहे, दुसऱ्यात हे पाच जण मोठ्या समूहाचा नमुना मानले आहेत. पण एवढं न सांगितल्यामुळे दोन्ही पेपर घेतलेल्या मुलाला वाटतं, कोणीतरी एक सर चुकीचं शिकवतायत. चार परिषदांनी मिळून 2 क्रेडिटचं, म्हणजे 30 तासांचं, एक सामायिक टिपण आणि 100 सोडवलेली उदाहरणं केली, तर चौघांचेही श्रम वाचतात. परिषदांचं जाळं विणायचं ते अशा कामाभोवती.

प्रत्यक्षात होतं उलटं. पहिल्याच बैठकीत कोणीतरी म्हणतं, "महासंघ स्थापन करू." मग 1860 च्या संस्था नोंदणी कायद्यासाठी किमान सात जण, घटना, उद्देश, 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी, दरवर्षी हिशेब, आणि पदाधिकारी बदलले की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट. सभासद-परिषदांचे स्वतःचे चेंज रिपोर्ट रखडलेले असताना हे नवं ओझं कोण वाहणार? सुरुवातीचा उत्साह कागदपत्रांतच संपतो. त्यापेक्षा एका पानाचा लेखी करार पुरतो. काम काय, कोणी किती भाग करायचा, कधीपर्यंत, पैसे कोणाच्या खात्यात, तयार साहित्यावर हक्क कोणाचा, आणि परिषदांची नावं कोणत्या क्रमाने. शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण पत्रकावर आपल्या परिषदेचं नाव खाली गेलं म्हणून माणसं दुरावतात. अकारविल्हे क्रम आधीच लिहून ठेवा, वाद मिटतो.

हक्काचा मुद्दाही तितकाच नाजूक आहे. चौघांनी केलेल्या नोट्स सहा महिन्यांत एकाच्या नावाने पुस्तक होऊन अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत आल्या, तर पुन्हा कोणी एक ओळही देणार नाही. पहिल्या पानावर सर्व लेखकांची नावं आणि क्रिएटिव्ह कॉमन्सचा CC BY-SA हा खुला परवाना छापा. कोणीही वापरावं, श्रेय द्यावं, बदल केला तर तोही खुला ठेवावा, हे त्यात येतं.

नोंदणी नसली की जाळ्याच्या नावाने बँक खातं सहजी निघत नाही. म्हणून दर कामाला एक यजमान परिषद ठरवायची. पैसे तिच्या खात्यात स्वतंत्र शीर्षाखाली जमा, आणि कार्यक्रमानंतर 15 दिवसांत पावत्यांच्या प्रतींसह हिशेब सर्वांना. यजमानपद फिरतं ठेवा, नाहीतर जाळं त्या परिषदेचीच शाखा वाटू लागतं.

प्रतिनिधी म्हणून अध्यक्षांना पाठवू नका. ते आधीच दहा समित्यांवर असतात. प्रत्येक परिषदेतून दोघे पुरेत: एक कार्यकारिणीतला सहसचिव आणि एक, जो तो पेपर या वर्षी खरोखर शिकवतोय. मुदत दोन वर्षं, दरवर्षी निम्मे बदलायचे, म्हणजे कार्यकारिणी पालटली तरी सूत्र तुटत नाही. एखाद्या परिषदेला एखादं काम नको असेल तर तिने त्यातून बाहेर राहावं, पण इतरांना अडवायचा हक्क कोणालाच नको.

जगात असं जाळं चालतं. 1993 साली स्थापन झालेला उच्चशिक्षणातल्या अध्यापन-विकासाचा आंतरराष्ट्रीय संघ व्यक्तींना नव्हे, देशोदेशीच्या संघटनांना सभासद करून घेतो. आणि पुण्याला ही कल्पना परकी नाही. 1907 मध्ये सुरू झालेल्या भारतीय गणित मंडळाचं ग्रंथालय फर्ग्युसन महाविद्यालयात होतं आणि तिथून गावोगावच्या सभासदांना नियतकालिकं टपालाने जात.

बैठक कुठे घ्यायची, यावर बरंच अवलंबून असतं. आपल्या विद्यापीठाच्या कक्षेत पुण्यासोबत अहिल्यानगर आणि नाशिकही आहेत, पण बैठका कायम पुण्यातच होतात. नाशिकहून यायचं तर एका बाजूने दोनशेहून जास्त किलोमीटर पडतात. संगमनेर या रस्त्यावरच आहे; तीन बैठकांपैकी एक तिथे, एक ऑनलाइन आणि एकच पुण्यात अशी वाटणी न्याय्य ठरते. सत्र परीक्षा आणि पेपर तपासणीचे आठवडे टाळा, गणेशोत्सवही टाळा. ऑगस्टचा पूर्वार्ध आणि जानेवारी त्यातल्या त्यात मोकळे.

ज्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष जातं, ती म्हणजे तासिका तत्त्वावरचे (सीएचबी) शिक्षक, ज्यांना घेतलेल्या तासांपुरतेच पैसे मिळतात. अनेक महाविद्यालयांत हे नवे पेपर प्रामुख्याने तेच शिकवतात. कायम प्राध्यापकाला कर्तव्य रजा मिळते, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2018 च्या नियमांत ती वर्षाला 30 दिवसांपर्यंत आहे. सीएचबीवरचा माणूस बैठकीला आला की त्याच्या त्या दिवसाच्या तासिकांचे पैसे बुडतात, वर एसटीचं भाडं आणि नोंदणी शुल्क. त्याला शुल्क माफ आणि प्रवासखर्च त्याच दिवशी रोख, ही तरतूद अंदाजपत्रकात जेवणाच्याही आधी हवी. नाहीतर अभ्यासक्रम प्रत्यक्ष शिकवणारेच चर्चेतून गळतात, आणि हे मला अतिशय अन्यायाचं वाटतं.

वेतन आणि सेवाशर्ती हा प्राध्यापक संघटनांचा प्रांत. तो या जाळ्यात आणू नये, कारण मग संस्थाचालक शिक्षकांना बैठकीला सोडताना हात आखडता घेतात.

सभासदांच्या याद्या एकमेकांना देऊ नका. निरोप तयार करा, प्रत्येक परिषद तो आपल्या सभासदांना पाठवेल. व्हॉट्सॲपचा गट फक्त प्रतिनिधींचा ठेवा आणि निर्णय ईमेलवरच नोंदवा, कारण शुभ सकाळच्या ढिगातून ठराव शोधून काढणं अशक्य होतं. फायली कोणाच्याही महाविद्यालयीन खात्यावर नकोत. माणूस निवृत्त झाला की ते खातं बंद होतं आणि उदाहरणांचा अख्खा संच त्यासोबत जातो. जाळ्याच्या नावाने वेगळं खातं उघडा, पासवर्ड दोन वेगळ्या परिषदांच्या प्रतिनिधींकडे ठेवा, आणि दर जूनमध्ये प्रतिनिधी बदलले की त्याच आठवड्यात तो बदला.